चेटकिणीची वाट पाहताना

(अहमदपूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मुले आणि मोबाईलचे व्यसन’ असा विषय छापला आहे. त्यावर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचसे भाषण संपलं की आधी खिशातला मोबाईल काढून बघतात. संयोजक ताईंना विचारून मी विषय बदलून घेतला आहे. मी एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. तो अजून आलेला नाही, कधी येणार हेही कंपनीनं सांगितलेलं नाही. मी मात्र तो जाहीर झाला तेव्हापासून त्याची वाट पाहते आहे. ती पाहता पाहता जे मनात आलं ते भानामतीच्या या मुलखात बोलून दाखवावं असं वाटलं.

आधी माझी ओळख. मी अहमदपूरचीच. इथंच बी.एस्सी. केलं, मग पुण्याला गेले आणि एका कंपनीत सहा वर्षं व्हिडिओ गेम तपासण्याचं काम केलं. पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा आजीनं विचारलं, “काय करतीस गं तिथं?” मी म्हटलं, “गेम खेळते.” “अन् त्येचे पैसे देत्यात?” “देतात.” “मग आपल्या बाळूलाबी बोलीव की. त्यो तर फुकटच खेळतोय.”

तपासणं म्हणजे आजीला वाटलं तशी मजा नव्हे. एक किल्ला दिला जातो. त्याच्या प्रत्येक भिंतीला आठ तास धडका मारायच्या, कुठून आरपार जाता येतं का ते बघायचं. पहारेकऱ्याच्या पुढून, मागून, वाकून, रांगत जायचं आणि त्याला आपण कुठून दिसतो, कुठून दिसत नाही हे वहीत उतरवायचं. माझ्याकडे जास्त करून असेच गेम यायचे. इंग्रजीत त्यांना स्टेल्थ म्हणतात. आपण दबकत जाण्याचे गेम म्हणू. त्यात तुमच्यापाशी बळ कमी असतं, समोरचे पुष्कळ असतात. त्यांच्या नजरेच्या बाहेर राहायचं, सावलीतून जायचं, गर्दीत मिसळायचं. कुणी पाहिलंच तर त्याच्या डोक्यावर एक खूण उमटते. आधी पिवळी, मग लाल. लाल झाली की संपलं.

मागच्या मुली हसायला लागल्या. बरोबर आहे. क्लास सुटल्यावर घरी जाताना कुठल्या पानटपरीवर कोण उभं असतं, कुठल्या खांबावरचा दिवा बंद आहे, कुणाच्या ओट्यावर कुठली मावशी बसलेली असते आणि ती घरी जाऊन काय सांगेल, हा सगळा नकाशा तुमच्या डोक्यात तयार असतो. पुण्यातल्या माझ्याबरोबरच्या मुलग्यांना पहारेकऱ्याची नजर ओळखायला शिकावं लागायचं. मला लागलं नाही.

या जातीच्या गेममध्ये एक मालिका फार गाजली. ‘असॅसिन्स क्रीड’ तिचं नाव. यूबीसॉफ्ट नावाची फ्रेंच कंपनी ती काढते. पहिला गेम २००७ मध्ये आला. जेरुसलेम, दमास्कस अशी धर्मयुद्धांच्या काळातली शहरं त्यात होती. त्यातला नायक उंच मिनारावरून खाली गवताच्या गाडीत उडी मारतो आणि लपतो. मला पहिल्यांदा ते पाहून आपल्याकडची सोयाबीनची बनीम आठवली. तिच्यात उडी मारली तर अंगाची काय खाज होईल हे त्या कंपनीला ठाऊक नसावं. गर्दीत मिसळण्याचंही तसंच. माळेगावच्या यात्रेत हात सुटलेलं लेकरू शोधलेल्या बाईला गर्दी म्हणजे काय हे निराळं सांगायला नको.

२००९ मध्ये या मालिकेचा दुसरा गेम आला, इटलीतला. त्यात एक गोष्ट होती, ती जरा सावकाश सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या गेममध्ये बदनामीचा मीटर होता. तुम्ही चारचौघांत काही गुन्हा केला की तो चढायचा. पूर्ण चढला की रस्त्यातला प्रत्येक शिपाई तुम्हाला ओळखायचा. तो उतरवायचे मार्गही दिलेले होते. भिंतीवर तुमचं चित्र लावलेलं असायचं, ते फाडलं की बदनामी पाव हिस्सा कमी. चौकात दवंडी देणारा असायचा, त्याच्या हातावर पैसे ठेवले की निम्मी कमी. मी कितीतरी वेळा ते कागद टराटरा फाडले आहेत आणि प्रत्येक वेळी मनात आलं आहे की ही सोय फक्त पुरुषाच्या बदनामीची आहे. बाईची बदनामी भिंतीवर नसते, फाडणार काय? ती हळदीकुंकवाला, गिरणीवर, आठवडी बाजारात असते. शिवाय ती चढायला बाईनं काही करावंही लागत नाही.

त्या गेममध्ये बायका होत्या की नाही? होत्या. पैसे देऊन पहारेकऱ्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायला त्या मिळायच्या.

बाई नायिका झाली ती २०१२ मध्ये. तिचं नाव अव्हेलीन. अठराव्या शतकातल्या न्यू ऑर्लिन्स शहरातली. बाप श्रीमंत फ्रेंच व्यापारी, आई आफ्रिकी वंशाची गुलाम. हा गेम कंपनीनं हातात धरायच्या छोट्या यंत्रासाठी काढला, मोठ्या गेमइतका गाजावाजा केला नाही. पण मला तो मालिकेत सगळ्यात हुशार वाटतो. अव्हेलीनला तीन वेष आहेत. घेरदार झग्यातली घरंदाज बाई झाली की शिपाई वाट सोडतात, ती गोड बोलून दारं उघडून घेते, पण तिला भिंतीवर चढता येत नाही. गुलामाच्या कपड्यात तिला चढता-पळता येतं, खोकं उचललं किंवा झाडू हातात घेतला की कुणी तिच्याकडे बघतही नाही, पण मालकाच्या दारापाशी नुसती उभी राहिली तरी संशय येतो. आणि लढाईचा वेष घातला की सगळं येतं, फक्त सगळ्यांच्या नजरा कायमच्या तिच्यावर. कपडे बदलले की तीच गल्ली निराळी होते. हे समजायला आपल्याला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. सलवार-कमीज, साडी आणि जीन्स या तीन वेषांत मोंढ्यातून एकदा चालून आलं की पुरे.

पुढे २०१४ मध्ये याच मालिकेतल्या एका गेममध्ये चौघांनी मिळून खेळायची सोय होती आणि चारही पुरुषच. बाई का नाही असं विचारल्यावर कंपनीच्या लोकांनी सांगितलं की बाई घेतली तर हालचालींचं काम दुप्पट होतं. पूर्वी तिथंच काम केलेल्या एका माणसानं लगेच सांगितलं की हे एक-दोन दिवसांचं काम आहे. हा प्रसंग आमच्या धंद्यात आजही सांगतात, आणि मला तो ऐकताना ग्रामपंचायतीतलं बायकांचं शौचालय आठवतं. पैसे नाहीत, जागा नाही, पुढच्या वर्षी बघू.

२०१८ मध्ये प्राचीन ग्रीसवरचा गेम आला. त्यात बहीण किंवा भाऊ यापैकी कुणालाही घेऊन खेळता यायचं. करणाऱ्यांच्या मनात एकटी बहीणच नायिका होती, पण बाई विकली जात नाही असं वरच्यांनी सांगितलं, अशी बातमी २०२० मध्ये ब्लूमबर्गनं दिली. त्याच उन्हाळ्यात या कंपनीतल्या छळाच्या तक्रारी जगभर उघड झाल्या आणि वरचे काही साहेब गेले. जुलै २०२५ मध्ये फ्रान्समधल्या बोबिन्यी इथल्या न्यायालयानं तिथल्या तीन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. शिक्षा झाल्या, पण त्या निलंबित, म्हणजे तुरुंगात कुणी गेलं नाही. हे सांगायचं कारण एवढंच की मी ज्या गेमची वाट पाहते आहे तो याच घरात शिजतो आहे, आणि हे माहीत असूनही मी वाट पाहते. आपण सिनेमाही असेच पाहतो.

आता त्या गेमकडे येते.

सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीनं एक छोटीशी झलक दाखवली. अंधारं रान आणि काटक्या बांधून केलेलं मालिकेचं चिन्ह. एवढंच. खाली नाव ‘हेक्से’. हे कामापुरतं नाव आहे, खरं नाव पुढे कळेल. हेक्से हा जर्मन शब्द आहे. त्याचा अर्थ चेटकीण. हा गेम आधीच्यांपेक्षा फार वेगळा असेल असं करणारे सांगतात. त्यावरून जगभरच्या खेळणाऱ्यांनी अंदाज बांधला की युरोपात चेटकीण म्हणून बाया जाळल्या त्या काळात, जर्मनीच्या भागात तो घडणार. दबकत जायचा गेम, आणि जिच्या मागे सगळं गाव लागलंय अशी बाई. माझ्या दृष्टीनं या मालिकेला इतकं चपखल बसणारं कथानक दुसरं नाही. म्हणूनच ते बिघडलं तर फार वाईट वाटेल.

त्या काळाबद्दल थोडं सांगते. पंधराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपात चेटकाच्या आरोपावरून साधारण ४० ते ६० हजार माणसं मारली गेली. त्यात चारातल्या तीन किंवा त्याहून जास्त बाया होत्या. स्त्रीचळवळीच्या लिखाणात जगभर ९० लाखांचा आकडा फिरत आला आहे. तो खरा नाही. अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकानं थोड्या कागदपत्रांवरून गुणाकार करून तो काढला होता. सुईणी आणि झाडपाला देणाऱ्या बायाच वेचून मारल्या असंही म्हणतात. कोर्टाचे कागद वाचणाऱ्या इतिहासकारांना तसं दिसत नाही. त्यांना दिसतात साध्या शेजारणी. बऱ्याचशा उतारवयाच्या, कित्येक विधवा, कित्येक तोंडाच्या फटकळ. आणि साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्यांतही शेजारणीच पुष्कळ. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आकडा फुगवून आणि कारण सोपं करून आपल्या हाती काही लागत नाही. ४० हजार काय कमी आहेत?

एक नाव लक्षात ठेवा. कॅथरीना केप्लर. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा योहानेस केप्लर तुम्ही मुली पुस्तकात वाचता, त्याची ही आई. लिओनबर्ग गावात एकटी राहायची. १६१५ मध्ये गावातल्या एका बाईनं सांगितलं की कॅथरीनानं दिलेल्या कडू पेयानं मी आजारी पडले. मग गावाला आठवायला लागलं. कुणाचं जनावर मेलं होतं, कुणाचा पाय लुळा पडला होता, कुणाच्या पोरीच्या हाताला कळ लागली होती. सत्तरी ओलांडलेल्या म्हातारीला पकडून चौदा महिने साखळदंडात ठेवलं. मुलगा काम टाकून आला, एकेक साक्ष खोडत बसला. शेवटी तिला छळाची हत्यारं दाखवून कबूल हो म्हणून दरडावलं. ती झाली नाही. १६२१ मध्ये सुटली आणि सहा महिन्यांत वारली. जगातला मोठा शास्त्रज्ञ पोटी होता म्हणून सुटली. बाकीच्यांपाशी केप्लर नव्हता.

दुसरी ॲना गोल्डी, स्वित्झर्लंडमधली मोलकरीण. मालकाच्या मुलीच्या दुधात टाचण्या निघाल्या आणि नाव हिच्यावर आलं. १७८२ मध्ये तिला मारलं. तिथल्या विधिमंडळानं तिला निर्दोष ठरवलं ते २००८ मध्ये, सव्वादोनशे वर्षांनी.

दुधात टाचण्या म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या दोन-तीन जणींनी एकमेकींकडे पाहिलं. का पाहिलं ते मला ठाऊक आहे. नांदेड, लातूर, तिकडे बिदरपर्यंत आपला हा भाग भानामतीसाठी प्रसिद्ध. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, दोरीवरचं लुगडं पेटतं, डाळीत शेण निघतं, पत्र्यावर दगड पडतात, बाया भुंकतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी या भागात मोहिमा काढल्या, घराघरांत बसून शोध घेतला. त्यांना जवळजवळ दर वेळी घरातलंच माणूस सापडलं. पुष्कळदा एखादी सून नाहीतर वयात आलेली मुलगी, जिचं घरात कुणी ऐकत नव्हतं.

मी आठवी-नववीत असताना आमच्या गल्लीत हे झालं. एका घरी कपडे पेटायला लागले. पहिला आठवडा सगळी गल्ली बघायला जमायची. दुसऱ्या आठवड्यात जाणत्याकडे कौल लावला आणि त्यानं दिशा सांगितली. त्या दिशेला एक काकू राहायच्या. नवरा नाही, मूल नाही, शिवण शिवायच्या. त्यांना कुणी मारलं नाही, घरावर दगड टाकला नाही. फक्त त्यांच्याकडे विरजण मागायला जाणं बंद झालं. मग शिवण बंद झालं. मुलांना त्यांच्या दारावरून जाऊ देईनात. हापशावर त्या आल्या की बाया घागर उचलून मागे सरायच्या. मग काकू रात्री अकराच्या पुढे पाणी न्यायला लागल्या. हापसा करकरायचा म्हणून त्या दांडा हळूहळू, थांबून थांबून मारायच्या. मी अंथरुणात पडून ऐकायची. दबकत जाणं म्हणजे काय याचा माझा पहिला धडा तो. वर्षभरानं त्या भावाकडे निघून गेल्या. ज्या घरात कपडे पेटत होते तिथल्या मुलीची शाळा त्या वर्षी बंद केली होती आणि तिच्या मनाविरुद्ध सोयरीक ठरवली होती. ती नांदायला गेली, कपडे पेटणं थांबलं. गल्लीत सगळ्यांना समजलं. काकूंना परत आणायला कुणी गेलं नाही.

तेव्हा कायदा नव्हता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्या करणीनं जनावराचं दूध आटतं असं जाहीर करणं, चेटूक केलं म्हणून मारहाण करणं, धिंड काढणं हा त्याखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा दक्षता अधिकारी यासाठी नेमायचा असतो. तुमच्या ठाण्यात तो कोण आहे हे विचारून ठेवा. मात्र विरजण न मागणं हा गुन्हा कुठल्याच कायद्यात बसत नाही.

आता गेम करणाऱ्यांपुढे काय पेच आहे ते बघा. खेळायला मजा यायची तर नायिकेला काही शक्ती द्याव्याशा वाटणार. ती मांजराच्या डोळ्यांनी पाहील, शिपायांच्या डोक्यात भीती घालील, धुरासारखी नाहीशी होईल. मुलं टाळ्या वाजवतील. पण मग जाळणाऱ्यांचंच म्हणणं खरं ठरलं ना? ती चेटकीण होतीच असं गेमनं कबूल केलं. सिनेमात हे वारंवार होतं, शेवटी कळतं की बाई खरंच करणी करत होती. झारखंडच्या छुटनी महतोंना १९९५ मध्ये डायन म्हणून मारहाण करून घराबाहेर काढलं, पुढे त्यांनी अशा कितीतरी बायांना वाचवलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापुढे बसून मंत्र टाकणारी नायिका खेळायची मला लाज वाटेल.

दुसरा मार्ग असा की नायिका या मालिकेतल्या गुप्त संघटनेची, चाकू चालवणारी, आणि लोक तिलाच चेटकीण समजतात. हे जमेल. पण मग तिनं एका शिपायाला रात्री मारलं तर सकाळी गाव कुणाला धरेल? नदीकाठच्या एकट्या म्हातारीलाच. गेमनं हे मोजलं तर फार मोठी गोष्ट होईल. मला स्वतःला या मालिकेतल्या खुनांचा कंटाळा आहे. तपासताना कुणालाही न मारता कोट पार करायची मी पैज लावायची आणि त्यातच खरी गंमत असायची.

माझ्या हाती असता तर मी तो बदनामीचा मीटर परत आणला असता, उलटा करून. तुम्ही काही केलं नाही तरी तो चढतो. शेजारच्या गायीनं दूध दिलं नाही, चढला. गारपीट झाली, चढला. तापानं फणफणलेल्या पोराला काढा दिला आणि ते बरं झालं, तरी चढला, कारण हिला कसं बरं जमलं? पळून गेलात तर चढला, दार लावून घरात बसलात तरी चढला. फाडायला कागद नाही, पैसे द्यायला दवंडीवाला नाही. तो उतरतो एकाच वेळी, गावातली दुसरी एखादी बाई सगळ्यांच्या देखत तुमच्या दारात येऊन काहीतरी मागते तेव्हा. विस्तव, मीठ, विरजण. आणि त्या बाईचा मीटर त्याच क्षणी थोडा चढतो, म्हणून ती यायला कचरते. खेळणाऱ्याला कधी ती आरोपी बाई व्हायला लावायचं, कधी ती शेजारीण. पंधरा वर्षांच्या मुलग्यानं असे दोन तास खेळले तर करणीचं नाव निघाल्यावर तो जरा थांबेल, असं मला वाटतं. भाषण ऐकून थांबेल असं वाटत नाही, निदान माझं तरी.

कंपनी असं करील का? पूर्ण नाही करणार. पण २०२५ च्या मार्चमध्ये याच मालिकेचा जपानवरचा गेम आला, त्यात नाओए नावाची मुलगी आहे. ती दिवे विझवून अंधार करते आणि त्या अंधारातून जाते. आपण वर्षानुवर्षं नगरपालिकेकडे रस्त्यावर दिवे लावा म्हणून अर्ज करतो. अंधार बाईच्या बाजूचा झालेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि खेळताना खांदे सैल पडले. एवढं तरी जमतं म्हणजे आशेला जागा आहे.

आता तुमच्यातल्या कुणी म्हणेल, हे सगळं पुण्या-मुंबईच्या पोरांचं. खरं आहे. अशा गेमला लागणारं यंत्र अर्ध्या लाखाच्या घरात, गेम चार-पाच हजारांचा. आपल्या घरात एक मोबाईल, तो भावाचा. रात्री गोधडीत घेऊन आवाज बंद करून तो बघणाऱ्या मुली इथं बसल्या असतील, मी नावं विचारत नाही. त्यांच्या आयांना एकच सांगते. मुलगी काय बघते ते हिसकावून न घेता एकदा शेजारी बसून बघा. वाईट असेल तर दोघींना दिसेल.

आणि असे गेम परदेशातच होतात असंही नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीनं २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम काढला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, राजी, ही त्याची नायिका. लोकांकडून वर्गणी जमवायचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला आणि तो जगभर खेळला गेला. त्यात कडेकडेच्या भिंतींवरची चित्रं पाहताना मला घरचं काहीतरी भेटल्यासारखं झालं होतं.

आपल्याकडे कथानकांची वाण नाही. निजामाच्या राजवटीत, मराठवाडा मुक्तिसंग्रामात, जालना भागातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके पुरुषाचा वेष करून रझाकारांच्या नजरेखालून निरोप पोचवत होत्या. अव्हेलीनच्या तीन वेषांचं कौतुक मी आत्ता केलं, पण दगडाबाईंनी ते खऱ्या बंदुकांपुढे केलं. त्यांच्यावर गेम झाला तर तपासायला मी पगाराशिवाय येईन.

‘हेक्से’ जेव्हा येईल तेव्हा मी माझा लॅपटॉप घेऊन इथं येणार आहे, असं संयोजक ताईंना सांगून ठेवलं आहे. पडदा आणि वीज एवढं तुम्ही बघा. आळीपाळीनं खेळू, आणि नायिकेनं मंत्र टाकला की तिथंच थांबवून भांडू.

माझा वेळ संपला आहे. प्रश्न असतील तर विचारा. आधी मागच्या मुलींनी, बाकीच्यांनी नंतर.